काल्पनिक जगातल्या थोर व्यक्तींची चरित्रं कशी लिहावीत?

तुमची अडचण अशी की चाळीस जणांची चरित्रं लिहून झाली आहेत, पण सगळी एकाच माणसाची वाटतात आणि वयं जुळत नाहीत. आधी वयांचं बघा. ते निस्तरलं नाही तर पुढे लिहिलेलं पुन्हा खोडावं लागतं.

एक तक्ता करा. ओळींत वर्षं, रकान्यांत व्यक्ती, प्रत्येक चौकटीत त्या वर्षीचं वय आणि ठिकाण. मृत्यूनंतरच्या चौकटी काळ्या करून टाका. सगळ्यात जास्त घोळ राज्यवर्षांत होतो. राणी ४१२ साली गादीवर आली आणि तेच वर्ष पहिलं धरायची पद्धत असेल, तर ‘राज्यारोहणाच्या तिसऱ्या वर्षी’ झालेला तह ४१४ चा. सरळ बेरीज करून ४१५ लिहिलंत आणि सेनापती ४१४ च्या हिवाळ्यात वारलेला असला, तर तहावर मेलेल्या माणसाचा शिक्का उमटतो. दोन राज्यांच्या कालगणना वेगळ्या असतील तर आणखी जपा. आपल्यासारखेच चंद्रसूर्य असले तर निव्वळ चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं, म्हणून तिथला ६६ वर्षांचा म्हातारा सौर गणनेत ६४ चाच भरतो. अंतरंही तपासा. सामानसुमानासह पायदळ दिवसाला साधारण २०-२५ किलोमीटर चालतं, म्हणजे ४०० किलोमीटरला अडीच-तीन आठवडे. उडते घोडे असतील तर प्रश्न मिटतो खरा, पण मग ते शत्रूकडे का नव्हते हेही ठरवावं लागतं.

सारखेपणा येतो विशेषणांमुळे. ‘शूर, न्यायी, प्रजेची लाडकी’ हे वाक्य दुसऱ्या राणीच्या नावापुढे लावून बघा. तिथेही बसलं तर काढून टाका. त्याऐवजी एक निर्णय आणि त्याची किंमत लिहा: दुष्काळात तिने बियाण्याची कोठारंही उघडली, माणसं जगली, पण पुढच्या पेरणीला दाणा नव्हता आणि उत्तरेच्या खोऱ्याने सात वर्षं शेतसारा दिला नाही. ही राणी आता दुसऱ्या कुणाशी बदलता येणार नाही.

मग ठरवा, त्या जगात हे चरित्र लिहितंय कोण. माझ्या मते खरी मजा इथेच आहे. दरबारी बखर म्हणते सेनापती रणात पडला, आणि छावणीच्या खर्चाच्या वहीत लढाईनंतर अकरा दिवस त्याच्या नावावर मध आणि जखमेच्या पट्ट्या मांडलेल्या आहेत. दोन्ही नोंदी शेजारीशेजारी ठेवा, निकाल देऊ नका. लिहिणारा तिथलाच, त्यामुळे रोजची जादू तो समजावून सांगत बसणार नाही. मात्र जखमा मंत्राने भरत असतील तर हा माणूस दगावला कसा, याचं कारण हवंच.

नऊशे वर्षं जगणारे वंश असतील तर ते प्रत्येक युद्धाचे साक्षीदार ठरतात, म्हणून ते कधी आणि का गप्प राहिले तेवढं नोंदवा.

चाळीसपैकी आठ-दहा जणांना तीनचारशे शब्द द्या, बाकीच्यांना तीन-चार ओळी पुरतात. आणि मृत्यूच्या तारखेवर थांबू नका, मागे काय उरलं ते लिहा. त्या खोऱ्यात आजही पेरणीआधी मूठभर दाणे बाजूला काढतात, आणि त्याला ‘राणीची मूठ’ म्हणतात.