राजकारणात 'निष्ठावंत' कोणाला म्हणतात?

निष्ठा म्हणजे एका जागी घट्ट उभं राहणं, संस्कृत 'स्था' धातूवरून आलाय, त्याला 'वंत' लावला की निष्ठावंत, म्हणजे पक्ष पडो नाहीतर फुटो, जागा न सोडणारा माणूस. एवढा साधा अर्थ. पण पेपरात हा शब्द कधी येतो बघा, तिकीटवाटप झालं की लगेच 'निष्ठावंतांना डावललं', म्हणजे २० वर्षं सतरंज्या उचलल्या आणि उमेदवारी मात्र काल आलेल्या आयारामाला (हा शब्द १९६७ च्या हरियाणातल्या गयालाल यांच्यामुळे आला, त्यांनी पटापट पक्ष बदलले होते). त्यामुळे माझ्या मते हा शब्द कौतुकाचा कमी आणि तक्रारीचा जास्त झालाय.

जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली तेव्हा त्याला अजून धार आली, आदित्य ठाकरेंनी तर 'निष्ठा यात्रा'च काढली आणि समोरच्यांना 'गद्दार' म्हटलं, पण शिंदे गटाचं म्हणणं आम्ही बाळासाहेबांच्या विचारांशी निष्ठावंत! म्हणजे निष्ठा नेत्याशी, पक्षाशी की विचाराशी ते बोलणाऱ्यावर ठरतं.

'भक्त' किंवा 'अंधभक्त' मात्र वेगळं, ते टोमणा म्हणून दुसराच कोणीतरी म्हणतो.