इंटरनेट कॉल : कुठे चालतो, कुठे अडतो

प्रश्न : मुलगी दुबईत नोकरीला आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर तिचे मेसेज, फोटो येतात. पण कॉल केला की रिंग वाजते, ती उचलते आणि पुढे ‘कनेक्टिंग’वरच अडकतं. तिनं फोनही बदलून पाहिला. व्हीपीएन, म्हणजे आपलं इंटरनेट दुसरीकडच्या सर्व्हरमार्फत फिरवणारी सेवा, वापरावं का?

उत्तर : फोनमध्ये बिघाड नाही. संयुक्त अरब अमिरातीत इंटरनेटवरून बोलण्याची सेवा परवानाधारक दूरसंचार कंपन्याच, म्हणजे एतिसलात आणि डू, देऊ शकतात. बाकीच्या अ‍ॅपना आधी मान्यता घ्यावी लागते. व्हॉट्सअ‍ॅप आणि फेसटाइमचे कॉल म्हणूनच तिथे अडवले जातात.

रिंग का वाजते, हेही समजून घ्या. कॉल आल्याची सूचना मेसेजच्याच वाटेनं जाते आणि ती वाट मोकळी आहे. आवाज मात्र वेगळा जातो : त्याचे छोटे डेटा-पॅकेट, साधारण दर 20 मिलिसेकंदाला एक, दोन्ही बाजूंनी सतत धावत असतात. आत काय बोललं जातंय ते न उघडताही ही लय कंपनीच्या यंत्रणेला ओळखता येते आणि ती तेवढेच पॅकेट गाळते. त्यामुळे अ‍ॅप काढून पुन्हा टाकणं, राउटर बंद-चालू करणं व्यर्थ आहे. दोघांपैकी एक जण तिथे असला तरी कॉल अडतो.

एक घोळ नेहमी होतो. भारतातून गेलेल्या पाहुण्याच्या रोमिंगवर हाच कॉल बहुधा लागतो, आणि घरच्यांना वाटतं बंदी उठली. रोमिंगचा डेटा सहसा मूळ देशातल्या कंपनीमार्फत फिरतो, एवढंच त्याचं कारण. पाहुण्यानं तिथलं वाय-फाय घेतलं की कॉल पुन्हा अडेल.

व्हीपीएनच्या फंदात पडू नका, हा आमचा स्पष्ट सल्ला. कंपन्या आणि बँका आपल्या अंतर्गत कामासाठी ते वापरू शकतात. पण गुन्हा करण्यासाठी किंवा लपवण्यासाठी आपला आयपी पत्ता (इंटरनेटवरचा आपला ओळख-क्रमांक, जो व्हीपीएन झाकतं) दडवला, तर 2021 च्या सायबर गुन्हे कायद्यात कैदेची आणि 5 लाख ते 20 लाख दिरहॅम दंडाची तरतूद आहे. गप्पांसाठी एवढी जोखीम कशाला? झूम, मायक्रोसॉफ्ट टीम्स, गुगल मीट, बोटिम ही अ‍ॅप तिथे मान्य आहेत. मुलीला दूरसंचार कंपनीच्या साइटवरची ताजी यादी पाहायला सांगा आणि दोघींच्या फोनवर एकच अ‍ॅप टाका.

प्रश्न : सौदी अरेबियातही इंटरनेट कॉलवर बंदी आहे, असं वाचलं. खरं ना?

उत्तर : तुम्ही वाचलेला मजकूर जुना असावा. दूरसंचार नियामकाच्या अटी पाळणाऱ्या सेवांवरची बंदी सौदीनं सप्टेंबर 2017 मध्ये उठवली. मोरोक्कोत तर 2016 च्या जानेवारीत बंद झालेले कॉल त्याच वर्षी नोव्हेंबरात सुरू झाले. माहितीवरची तारीख आधी पाहत चला.

प्रश्न : परदेशातल्या नातेवाइकाचा कॉल कधीकधी अनोळखी भारतीय दहा अंकी नंबरवरून येतो. असं का?

उत्तर : तो कॉल बहुधा सिमबॉक्समधून आला. नातेवाइकाच्या स्वस्त कॉलिंग सेवेमार्फत परदेशातून कॉल इंटरनेटवर येतो. इथे एका खोलीत अनेक सिम खुपसलेली पेटी असते, ती त्यातल्या एका सिमवरून तुम्हाला स्थानिक कॉल लावते. आंतरराष्ट्रीय कॉलचं शुल्क बुडतं आणि खरा नंबर पुसला जातो. फसवणूक करणाऱ्यांना नेमकं तेच हवं असतं, म्हणून आम्हाला हे फार गंभीर वाटतं. भारतात 1 एप्रिल 2002 पासून इंटरनेट टेलिफोनीला परवानगी आहे, पण तो कॉल देशातल्या फोन नेटवर्कवर उतरवायला परवाना लागतो. विनापरवाना सेवेसाठी 2023 च्या दूरसंचार कायद्यात 3 वर्षांपर्यंत कैद आणि 2 कोटी रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर भारतीय नंबर दाखवणाऱ्या परदेशी कॉलची तक्रार करता येते; नंबर, तारीख आणि वेळ लगेच टिपून ठेवा. नातेवाइकालाही त्याची स्वस्त कॉलिंग सेवा बदलायला सांगा.