लंगर, लाकडाच्या नोंदी आणि शामलातीचा लिलाव

पंजाबच्या खेड्यांतील शीख समाजाची सेवाकार्ये आणि तेथील हक्कांचे लढे यांविषयी या सदरात लिहिल्यानंतर बरीच पत्रे आली. त्यांपैकी पाच प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : मी नांदेडचा. सचखंड गुरुद्वाऱ्याच्या लंगरात लहानपणापासून जेवत आलो आहे. सेवा म्हणजे काय ते मला कळते. परंतु तिच्यात मानवी हक्कांचा विषय कशासाठी आणायचा? सेवा मुकाट्याने करावी, असे मला वाटते.

मुकाट्याने केलेल्या सेवेबद्दल मलाही आदर आहे. मात्र शीख परंपरेत ‘वंड छकना’, म्हणजे आपल्या कमाईतले वाटून खाणे, याच्याइतकेच ‘सरबत दा भला’, म्हणजे सर्वांचे भले होवो, हे मागणेही महत्त्वाचे आहे, आणि ‘सरबत’ या शब्दात कोणालाच वगळलेले नाही. आनंदपूरच्या लढाईत शत्रूच्या जखमी सैनिकांनाही पाणी पाजणाऱ्या भाई कन्हैयांची तक्रार गुरू गोविंदसिंगांकडे गेली, तेव्हा गुरूंनी त्यांना रागे भरण्याऐवजी मलमाची डबी दिली, अशी परंपरेतली कथा आहे. पाणी पाजणे ही सेवा झाली. शत्रूलाही पाणी मिळाले पाहिजे, हे म्हणणे हक्काच्या भाषेच्या फार जवळ येते.

जवळच्या काळातले उदाहरण भगत पूरणसिंग यांचे आहे. 1934 मध्ये लाहोरच्या डेहरा साहिब गुरुद्वाऱ्याच्या दारात कोणी एक चार वर्षांचा अपंग मुलगा सोडून गेले. पूरणसिंगांनी त्याला उचलले आणि पुढची चौदा वर्षे पाठीवर वागवले. फाळणीनंतर त्यांनी अमृतसरला निराधारांचा सांभाळ सुरू केला आणि त्यातून पिंगळवाडा ही संस्था उभी राहिली. हेच पूरणसिंग एका बाजूने वापरलेल्या रद्दी कागदांच्या कोऱ्या बाजूवर वृक्षतोडीविरुद्धची पत्रके छापून फुकट वाटत असत. मिळालेली पद्मश्री त्यांनी 1984 मध्ये सुवर्णमंदिरावरील लष्करी कारवाईच्या निषेधार्थ परत केली. त्यांची सेवा मुकी होती, असे म्हणणे कठीण आहे.

प्रश्न : मी वर्ध्याला समाजकार्याचे शिक्षण घेत आहे. गावपातळीवर गोळा केलेली माहिती न्यायालयात टिकते का? आमचे प्राध्यापक म्हणतात की, कार्यकर्त्यांच्या नोंदींना पुरावा म्हणून किंमत नसते.

प्राध्यापकांचे म्हणणे अर्धे खरे आहे. कार्यकर्त्याच्या स्वतःच्या वहीला फारशी किंमत नसते; सरकारी वही त्याने शोधून काढली, तर मात्र चित्र बदलते. जसवंतसिंग खालडा यांनी नेमके हेच केले, म्हणून त्यांचे काम जरा सविस्तर सांगतो.

खालडा अमृतसरच्या एका बँकेचे संचालक होते आणि अकाली दलाच्या मानवी हक्क शाखेचे काम पाहत होते. दहशतवादाच्या वर्षांत पोलिसांनी उचलून नेलेली माणसे परत येत नव्हती आणि त्यांची प्रेतेही घरी येत नव्हती. ‘मुलगा परदेशात पळाला असेल’ असे उत्तर मिळालेले आईबाप गावोगाव होते. अशा माणसांचा माग काढताना खालडांनी पोलीस ठाण्याऐवजी स्मशानाचा रस्ता धरला. बेवारस प्रेत जाळायचे, तर लाकूड लागते, त्याचे पैसे नगरपालिका देते, आणि पैसे द्यायचे म्हटले की, नोंद ठेवावीच लागते. कोणत्या दिवशी, कोणत्या ठाण्याच्या पोलिसाने किती प्रेते आणली, हे त्या नोंदींत लिहिलेले होते. काही ठिकाणी ‘लावारिस’ या शेऱ्याच्या जोडीला मृताचे नावही होते. नाव माहीत असलेले प्रेत बेवारस कसे, हा प्रश्न विचारायला कायद्याची पदवी लागत नाही.

जानेवारी 1995 मध्ये त्यांनी ही माहिती जाहीर केली. त्याच वर्षी 6 सप्टेंबरला त्यांना अमृतसरमधील घराबाहेरून पळवून नेण्यात आले आणि ते परतले नाहीत. त्यांच्या पत्नी परमजीत कौर सर्वोच्च न्यायालयात गेल्या. न्यायालयाने सीबीआयला तपासाचे आदेश दिले, आणि अमृतसर, तरनतारन व पट्टी या तीनच स्मशानांत पोलिसांनी 2,097 प्रेते जाळल्याचे सीबीआयला आढळले. त्यांपैकी 585 जणांची पूर्ण आणि 274 जणांची अंशतः ओळख पटली होती. उरलेल्या 1,238 जणांची ओळख तेव्हा पटली नव्हती. डिसेंबर 1996 मध्ये न्यायालयाने हे प्रकरण राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे सोपवले.

येथून पुढची गोष्ट विद्यार्थ्यांनी विशेष काळजीने वाचावी. आयोगाने आपले काम त्या तीन स्मशानांपुरते आखून घेतले आणि माणसे कोणी व कशी मारली, यापेक्षा प्रेते नियमाबाहेर जाळली गेली का, या प्रश्नावर भर दिला. मृत्यूपूर्वी पोलिसांच्या ताब्यात असल्याचे मान्य झालेल्यांच्या कुटुंबांना अडीच लाख आणि इतर ओळख पटलेल्यांच्या कुटुंबांना पावणेदोन लाख रुपये, अशी भरपाई ठरली. अनेक कुटुंबांना या रकमेपेक्षा अपराध्याचे नाव हवे होते. खालडांचे अपहरण आणि खून यांबद्दल 2005 मध्ये सहा पोलिसांना दोषी ठरवण्यात आले, 2007 मध्ये उच्च न्यायालयाने त्यांपैकी चौघांची शिक्षा वाढवून जन्मठेप केली आणि 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. पुरावा टिकला, हे खरे. पण सोळा वर्षे लागली, आणि तीही एका खटल्यापुरती. म्हणून क्षेत्रकार्याला जाल, तेव्हा आधी आपली प्रश्नावली भरण्याची घाई करू नका. त्या गावात पैसे कोणत्या वहीतून खर्च होतात, ते शोधा.

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यात शिक्षक आहे. शेतकरी आत्महत्या म्हटले की, विदर्भ आठवतो. सधन पंजाबातही हा प्रश्न आहे का, आणि तेथे कोण काम करते?

आहे, आणि मोठा आहे. पंजाबातील तीन विद्यापीठांनी घरोघरी जाऊन केलेल्या पाहणीत 2000 ते 2015 या काळातील 16,606 आत्महत्यांची नोंद झाली. त्यांत 9,243 शेतकरी आणि 7,363 शेतमजूर होते. मजुरांचा हा आकडा पुन्हा वाचावा, कारण आपल्याकडच्या चर्चेत मजूर जवळजवळ नसतोच.

संगरूर जिल्ह्यातील मूनक आणि लहरा भागांत माजी आमदार इंद्रजितसिंग जेजी आणि त्यांचे सहकारी 1988 पासूनच्या आत्महत्यांच्या गावनिहाय याद्या करत आले आहेत. त्यांची बाबा नानक एज्युकेशनल सोसायटी मागे राहिलेल्या मुलांच्या शिक्षणाला मदत करते. शाळेची फी भरणे आणि यादी करणे ही दोन्ही कामे एकाच संस्थेने करणे मला महत्त्वाचे वाटते, कारण फीच्या निमित्ताने कार्यकर्ता घरात जातो आणि मग त्या घरातली खरी हकीकत बाहेर येते. पोलिसांचा आणि शवविच्छेदनाचा ससेमिरा नको, म्हणून कित्येक घरांनी मृत्यूची नोंदच वेगळ्या कारणाने केलेली असते.

पात्र-अपात्रतेचा घोळ तुम्हाला मी सांगायला नको. आपल्याकडे 2006 च्या शासननिर्णयानुसार एक लाखाची मदत मिळायची, तर सातबारा आणि मान्यताप्राप्त कर्ज दाखवावे लागते. पंजाबात कर्ज बहुतेक वेळा आडत्याचे, आणि मजुराचे तर थेट जमीनमालकाचे असते, ज्याचा कागद मालकाकडेच असतो. तुमच्या शाळेत अशा घरांतली मुले असतील, तर सरपंचाच्या सहीचा पंचनामा आणि उसनवारीच्या नोंदींची प्रत लवकर मिळवून ठेवा. वर्षभरानंतर त्या मिळत नाहीत.

प्रश्न : शीख धर्मात जात नाही, असे आम्ही शिकलो. मग पंजाबच्या खेड्यांत दलितांचे वेगळे गुरुद्वारे का असतात? (सोलापूर)

धर्मात नाही, जमिनीत आहे, असे थोडक्यात म्हणता येईल. 2011 च्या जनगणनेनुसार पंजाबच्या लोकसंख्येत अनुसूचित जातींचे प्रमाण 31.9 टक्के, म्हणजे देशातील सर्व राज्यांत सर्वाधिक आहे. शेतजमीन मात्र त्यांच्याकडे नाममात्र आहे. 12 ऑक्टोबर 1920 रोजी दलित शिखांनी आणलेला कडाह प्रसाद, म्हणजे शिऱ्याचा प्रसाद, सुवर्णमंदिरातल्या पुजाऱ्यांनी नाकारला आणि वादानंतर तो स्वीकारावा लागला, हा शीख सुधारणेतला मोठा दिवस होता. पण सुवर्णमंदिरात झालेला निर्णय गावच्या स्मशानापर्यंत पोहोचला नाही. अनेक गावांत आजही मजहबी आणि रामदासिया या दलित शिखांची स्मशाने वेगळी आहेत.

‘शामलात’ म्हणजे गावाची सामाईक जमीन. 1961 च्या पंजाबच्या कायद्याखालील नियमांनुसार पंचायतीच्या लागवडयोग्य शामलातीचा एक तृतीयांश भाग अनुसूचित जातींना लिलावाने खंडाने देण्यासाठी राखीव असतो. प्रत्यक्षात जमीनदार आपल्याच एखाद्या दलित गड्याला बोलीला उभे करत आणि जमीन स्वतः कसत. 2014 च्या सुमारास संगरूर भागात जमीन प्राप्ती संघर्ष समितीने वर्गणी काढून सामूहिक बोली लावायला सुरुवात केली, आणि बेनडासारख्या गावांत दलित कुटुंबे ही जमीन एकत्र कसू लागली.

एरवी दलित घरातली बाई म्हशीसाठी गवत कापायला दुसऱ्याच्या बांधावर जाते आणि शिवीगाळ किंवा त्याहून वाईट काही सोसून भारा डोक्यावर घेऊन परतते. सामूहिक जमिनीवर पहिल्यांदा चारा पेरला, की तो बांध तिला चुकतो. हा बदल सहज झाला नाही. ऑक्टोबर 2016 मध्ये झलूर गावात दलित वस्तीवर हल्ला झाला, आणि त्यात जखमी झालेली एक वृद्धा पुढे मरण पावली. जमीनदार घरांतलेही काही शीख या समितीच्या बाजूने उभे राहिले, हेही नमूद केले पाहिजे. पण लंगरात शेजारी बसणारा माणूस लिलावात शेजारी बसू देईलच, असे नाही.

प्रश्न : आम्ही कॅनडात ब्रॅम्प्टनला राहतो. शीख शेजाऱ्यांबरोबर पंजाबातील एखाद्या गावच्या कामाला पैसे पाठवायचे आहेत. काय पाहावे?

आधी आपला पासपोर्ट पाहावा. भारतीय नागरिकाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली देणगी विदेशी मानली जात नाही. कॅनडाचे नागरिकत्व घेतलेल्याची, त्याच्याकडे ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचे) कार्ड असले तरी, विदेशी मानली जाते. तशी देणगी घ्यायला संस्थेची एफसीआरए, म्हणजे विदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते आणि पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच यावे लागतात. 2020 च्या दुरुस्तीनंतर एक संस्था असा पैसा दुसऱ्या संस्थेला देऊ शकत नाही. या नियमाचा सर्वात मोठा फटका गावातल्या चिमुकल्या गटांना बसला, असे माझे मत आहे, कारण त्यांना मोठ्या संस्थेच्या आधारानेच हा पैसा मिळत असे.

दोआबातील, म्हणजे बियास आणि सतलज नद्यांमधल्या भागातील, गावांत परदेशी पैशाने बांधलेले संगमरवरी गुरुद्वारे तुमच्या शेजाऱ्यांनी पाहिलेच असतील. त्यांच्याशी बोलताना, गेल्या वर्षी संस्थेने कोणकोणत्या कुटुंबांचे अर्ज भरून दिले आणि त्यांपैकी किती मंजूर झाले, एवढी माहिती गावाकडून मागवायला सांगा. ज्यांच्याकडे अशा नोंदींची वही असेल, त्यांना बहुधा झेरॉक्सचा आणि तहसिलीपर्यंतच्या बसभाड्याचा खर्च हवा असतो.