वस्तीवरचा उजेड: वाचक विचारतात

प्रश्न: आमची वस्ती मंगळवेढ्यापासून आत, रानात आहे. लाईनचा खांब लांब. एका खासगी कंपनीचा माणूस सोलरचा सेट देतो म्हणतोय. 75 वॅटचं पॅनेल, 40 एएचची (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीत किती मावतं त्याचं माप) पाण्याची म्हणजे लेड-ॲसिड बॅटरी, 9 वॅटचे तीन बल्ब, डीसी पंखा, 24 इंची टीव्ही, मोबाईल चार्जिंग. रोख 19,500. हप्त्यावर आधी 3,000, मग 36 महिने 650. व्याज सपाट 14 टक्के. आमचे मालक घेऊ म्हणतात, मला धीर होत नाही. शिवाय सबसिडी का मिळत नाही?
— एक वाचक भगिनी

उत्तर: ताई, तुमची शंका बरोबर आहे, पण सोलर वाईट म्हणून नाही. वीस वर्षं सोलापुरात वायरमनकी केली, आपल्याकडच्या उन्हाची खात्री मी देतो. खात्री या सेटच्या जोडणीची देता येत नाही.

वहीचं पान घ्या. पंखा 28 वॅटचा धरा, नऊ तास चालला तर 28 गुणिले 9, म्हणजे 252 वॅट-तास. तीन बल्ब चार तास, 108. टीव्ही तीन तास, 90. मोबाईलचे वीसेक. झाले 470. आता जमा बघा. 75 वॅटच्या पॅनेलला दिवसात पाचेक तास भरपूर ऊन धरलं तर 375, वायर-बॅटरीत जाणारं वजा केलं की 280च्या आसपास. रोज दोनशेची तूट.

बॅटरीचंही तेच. बॅटरी 12 व्होल्टची, गुणिले 40 एएच, म्हणजे 480 वॅट-तास. पाण्याची बॅटरी निम्म्याखाली रोज उतरवली की ती लवकर बसते, म्हणजे हाती 240. रात्री दहापर्यंत बल्ब-टीव्हीनं 198 खाल्ले की पंखा बाराच्या आत थांबला पाहिजे. मे महिन्यातल्या मंगळवेढ्यात हे कोण मानेल? पोरं रडली की पंखा चालूच राहतो, आणि दोन वर्षांत बॅटरी संपते. हप्ते मात्र तीन वर्षांचे! म्हणून 150 वॅटचं पॅनेल आणि 40 एएचचीच, पण लिथियमची बॅटरी मागा. आत्ता महाग पडेल, पण पाण्याची बॅटरी दर दोन वर्षांनी बदलण्यापेक्षा परवडेल.

सपाट 14 टक्के ऐकायला गोड. 16,500 वर 23,400 भरताय, घटत्या हिशेबानं, म्हणजे उरलेल्या मुद्दलावरच व्याज धरलं तर, ते 24 टक्क्यांच्या घरात जातं. आधी गावच्या बँकेत, सोसायटीत किंवा बचत गटात विचारा.

एक गोष्ट मात्र त्या माणसाला समोर बसवून विचारा: हप्ता चुकला तर कंट्रोलर, म्हणजे पॅनेल-बॅटरीची वीज सांभाळणारा डबा, बंद होतो का? काही कंपन्या कंट्रोलरला कुलूप घालतात, हप्ता भरला की मोबाईलवर आकडे येतात, ते दाबले की उजेड. मोहोळच्या बाजूला एका घरी मी गेलो, सगळे हप्ते वेळेवर भरलेले, पण कंपनीनं गाशा गुंडाळला होता आणि आकडे पाठवायला कुणी उरलं नव्हतं. म्हातारी दिव्याच्या वातीच्या उजेडात भाकरी करत होती, छतावर पॅनेल उन्हात तापत होतं. शेवटी तो डबा काढून साधा कंट्रोलर बसवला. म्हणून "शेवटचा हप्ता भरल्यावर कुलूप कायमचं निघेल" हे लिहून घ्या.

धंदा नीट करणारेही आहेत. बंगळुरूची सेल्को 1995 पासून यात आहे. त्यांनी पॅनेलसोबत जवळच दुरुस्तीचं केंद्र आणि बँकेचं कर्ज यांची सांगड घातली, आणि त्यांचे एक संस्थापक हरीश हांडे यांना 2011 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तुमच्या माणसाला विचारा, पंढरपुरात किंवा मंगळवेढ्यात तुमचा मेकॅनिक कोण, नाव-नंबर द्या. "वरून येतील" असं म्हणाला तर चहा पाजून पाठवा.

सबसिडीचं असं, की 2024 ची प्रधानमंत्री सूर्य घर योजना लाईनला जोडलेल्या छतासाठी आहे. तुमचा सेट लाईनवेगळा, त्याला ती लागू नाही. महावितरणकडे घरगुती कनेक्शनचा अर्ज मात्र आजच टाका. सोलर घेतलं म्हणून तो थांबवू नका.

आणि पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून, साधारण 18 अंश कलतं बसवा. अंगणातल्या लिंबाची सावली दुपारी कुठवर येते ते आधी पाहा. एका फांदीची सावली पॅनेलच्या कोपऱ्यावर पडली तरी उत्पादन फार घटतं. फांदी तोडायची नसेल तर पॅनेल गोठ्याच्या पत्र्यावर न्या, आणि दर पंधरवड्याला धूळ पुसा, सकाळी, काच थंड असताना.