रांजणाचा प्रश्न विचारलास ते बरं केलंस

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

जुन्नरच्या शिबिराचं तुझं टिपण मिळालं. कॉलेजच्या अंकात द्यायचंय आणि "बाई, हवं तेवढं कापा" असं लिहिलंयस, म्हणून लाल पेन घेऊनच बसले. पहिली दोन पानं गेली. सह्याद्रीची कूस, अंगावर आलेला काटा, पावन झालेली माती हे सगळं तुला शिबिराला न जातासुद्धा लिहिता आलं असतं. तिसऱ्या पानावर अगदी खाली मात्र एक ओळ आहे: "नाणेघाटात सरांना विचारलं की या रांजणात जकातच टाकायचे हे कशावरून, तर ते म्हणाले, सगळे तेच सांगतात, पुढे चला." तुझा लेख तिथून सुरू होतो.

आधी सरांविषयी. रागावू नकोस त्यांच्यावर. मे महिन्याचं ऊन, बसभर पोरं, त्यातली निम्मी सेल्फीत आणि पाण्याच्या बाटल्या संपलेल्या. अशा वेळी माणूस तयार वाक्याला धरून पुढे सरकतो. पण त्यांचं उत्तर तुला पटलं नाही आणि तरीही तू ते गाळलं नाहीस, म्हणून हे पत्र लांबणार आहे.

आता रांजण. घाटमाथ्यावर दगडाचा मोठा रांजण आहे, हे तू डोळ्यांनी पाहिलंस. त्यात जकातीची नाणी पडत, हे तू ऐकलंस. या दोन्ही गोष्टी तुझ्या टिपणात एकाच वाक्यात बसल्या आहेत. त्या वेगळ्या कर. कोकणातल्या बंदरांतून देशावर चढणारा माल या वाटेने जुन्नरला आणि पुढे पैठणकडे जाई. अशा वाटेवर राजाचा माणूस कर घ्यायला बसत असेल, यात अशक्य काही नाही. पण कर घेतला जात असणं आणि तो याच रांजणात पडत असणं यांच्यात बरंच अंतर आहे. तिथल्या गुहेतला जो मोठा शिलालेख तुम्ही पाहिलात, त्यात जकातीचं नाव नाही. तो सातवाहनांच्या नागनिका राणीचा, साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचा; ब्राह्मी लिपी, प्राकृत भाषा. त्यात अश्वमेध, राजसूय अशा यज्ञांची नावं आहेत आणि दक्षिणेत दिलेल्या गायी, घोडे, हत्ती, कार्षापण म्हणजे त्या काळची नाणी यांचे आकडे आहेत. मागच्या भिंतीवर घराण्यातल्या माणसांच्या प्रतिमा होत्या. आता वर नावं राहिली आणि खाली कुठे कुठे पायांच्या खुणा. म्हणजे घाटातून जाणाऱ्या प्रत्येकाने बघावं अशा जागी एका राजघराण्याने आपला बडेजाव कोरून ठेवलाय. हे नक्की सांगता येतं. रांजणाबद्दल "असं सांगतात" एवढंच लिही. लेख त्याने दुबळा होत नाही.

पण बाळा, ज्याच्यासाठी मी तुला परत तिथे पाठवीन ती गोष्ट तुझ्या टिपणात अर्ध्या ओळीत उरकली आहे: "आजूबाजूला पाण्याची टाकी आहेत." आहेत ना? मग कोणी खोदली? त्यातल्या एका टाक्याच्या लेखात दात्याचं नाव आहे गोविंददास, आणि तो स्वतःला सोपाऱ्याचा म्हणवतो. दुसऱ्यावर दामघोष नावाच्या गृहस्थाचं नाव आहे. दोघेही राजे नव्हेत.

सोपारा. तू रोज ज्या नालासोपारा स्टेशनावर विरार लोकलच्या गर्दीत शिरतेस, त्याच्या पश्चिमेचं गाव. त्या गावचा एक माणूस दोन हजार वर्षांच्या आसपास आधी या घाटात पाण्याची सोय करून गेला आणि त्याच गावातून गेलेली मुलगी त्या टाक्याशेजारी उभी राहून डबा खाऊन परत आली! तुला कोणी सांगितलं नाही, यात तुझा दोष नाही. पण आता कळल्यावर हे लेखात आलंच पाहिजे.

त्याने पाणीच का दिलं, हे समजायला मात्र घाट खालून चढावा लागतो. तुमची बस जुन्नरहून घाटघरमार्गे थेट माथ्यावर गेली. गोविंददासाच्या ओळखीची वाट मुरबाडकडून, वैशाखऱ्याच्या बाजूने वर येते. थंडीत कुणाला तरी बरोबर घेऊन ती चढ. माथ्यावर पोचल्यावर पहिल्यांदा लेख बघावासा वाटतो की पाणी, ते वहीत लिहून ठेव.

लेण्याद्रीचंही तसंच झालंय. गिरिजात्मजाचं दर्शन, माकडांनी पळवलेली चिप्सची पिशवी आणि "अष्टविनायकाला तिकीट का?" हा तुझा वैताग एवढंच आलंय. तिकीट पुरातत्त्व खात्याचं आहे, कारण तो डोंगर म्हणजे संरक्षित बौद्ध लेणी आहेत. गणपती बसलाय तो मोठा विहार आहे, म्हणजे भिक्षूंचं निवासाचं लेणं. एवढ्या मोठ्या दालनाला मध्ये एकही खांब नाही, हे तू नोंदवलंस ते छान. पण बाजूंच्या छोट्या खोल्या आणि त्यांतले दगडी ओटे भिक्षूंच्या राहण्याचे आहेत, आणि देवाचा गाभारा मागच्या भिंतीतल्या खोल्या एकत्र करून झालाय, हे लिहायचं राहिलं. शेजारचं चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनेचं लेणं, कल्याणच्या सुलसदत्ताने दिलं. तो हेरणिकाचा मुलगा, म्हणजे सोनाराचा. काही अभ्यासक खजिनदाराचा म्हणतात. जुन्नरच्याच लेण्यांत धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे संघटनेने, सात खोल्यांचं लेणं आणि टाकं दिल्याचा लेख आहे. इरिल नावाच्या यवनाने, म्हणजे पश्चिमेकडून आलेल्या परदेशी माणसाने, दोन टाकी दिली. चित नावाच्या दुसऱ्या यवनाने भिक्षूसंघाला जेवणाचा मंडप दिला. सोपारा, कल्याण, समुद्रापलीकडचे लोक, धान्यवाले. आता घाटाचा नकाशा काढ आणि ही नावं त्यावर टाक. बंदरापासून डोंगरापर्यंत पैसा कसा चढला ते शिबिरातल्या कुठल्याही भाषणापेक्षा नीट दिसेल.

शिवनेरीवर तू भावुक झालीस. व्हावंच. मी त्या ओळी कापलेल्या नाहीत. फक्त "१९ फेब्रुवारी १६३० रोजी" लिहून पुढे गेलीस तिथे थोडी थांब. ही तारीख कशी ठरली ते माहीत आहे? पूर्वी वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९, म्हणजे इ.स. १६२७ हा जन्मदिवस धरत. भोरजवळच्या कारीच्या जेधे देशमुखांकडे एक शकावली मिळाली, वर्षवार घटनांची नोंद. ती लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ अशी तिथी आहे. पुढे वाद झाले, इतर साधनांशी ताळा पाहिला गेला आणि शेवटी शासनानेही १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख मान्य केली. एका घराण्याच्या दप्तरातल्या कागदांनी सगळ्या महाराष्ट्राचं कॅलेंडर बदललं, आणि तुझ्या लेखात त्याची एक ओळ नाही!

शिवनेरीच्या पोटात बौद्ध लेणी आहेत, वर कमानी मशीद आहे, शिवाई देवी आहे, गंगा-जमुना टाकी आहेत. गडाच्या सात दरवाजांची नावं पाठ केलीस, पण गड एका काळाचा नाही हे सांगणाऱ्या या खुणा मात्र राहून गेल्या. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यात शिवनेरी आहे, हे तू अभिमानाने लिहिलंस. त्या बारांतला जिंजी तमिळनाडूत आहे, बाकीचे अकरा महाराष्ट्रात. तेवढं दुरुस्त कर, तू सगळेच महाराष्ट्रातले केलेस.

टिपणातला मला सगळ्यात आवडलेला भाग म्हणजे शिलालेखाचा कागदावर ठसा घेण्याचं प्रात्यक्षिक. तिथे तू एकही विशेषण वापरलेलं नाहीस, लक्षात आलं का? ओला कागद प्रतिकृतीवर पसरला, ब्रशने ठोकून ठोकून अक्षरांच्या खाचांत बसवला, किंचित सुकू दिला, मग शाईची पुरचुंडी हलक्या हाताने आपटत नेली. उंच भाग काळा झाला आणि खोल गेलेली अक्षरं पांढरी उमटली. "आधी एक उभी रेघ दिसली, मग ती 'र' निघाली," असं तू लिहिलंस. ब्राह्मीचा 'र' उभ्या रेघेचाच असतो, अगदी बरोबर. अख्खा लेख या परिच्छेदासारखा लिहिता आला तर बघ.

पण प्रतिकृतीवर शिकलेलं मूळ दगडावर करायचं नाही. त्याला परवानगी लागते आणि अनुभवी हात लागतो. अक्षरं फोटोत नीट यावीत म्हणून त्यांत खडू किंवा पीठ भरणारी हौशी मंडळी तुला भेटतील. त्यांच्यात सामील होऊ नकोस. सकाळी किंवा संध्याकाळी तिरपं ऊन असताना जा, नाहीतर टॉर्च बाजूने धर. सावलीने अक्षर आपोआप उठतं. फोटोत शेजारी पट्टी ठेव, पट्टी नसेल तर पेन, म्हणजे आकार कळतो. आणि तुझ्या मैत्रिणीने भिंतीवर नाव कोरलं ते तू हसण्यावारी नेलंयस. संरक्षित वास्तू विद्रूप केली तर कायद्याने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. तिला हे सांग. तो प्रसंग लेखातून मी काढलाय.

वहीबद्दल थोडं. तुझी वही बसमध्ये लिहिलेली आहे, हे अक्षरावरूनच कळतं. त्यामुळे कुठल्या लेण्यात काय होतं याचा पुढे गोंधळ झालाय. मानमोडी या जुन्नरच्याच दुसऱ्या डोंगरातल्या लेण्यांचं एक वर्णन चक्क लेण्याद्रीच्या पानावर आलंय. जागेवर उभं राहून लिही, चार शब्द का होईनात. आपलं तोंड कुठल्या दिशेला आहे ते लिही. कोणी काही सांगितलं तर सांगणाऱ्याचं गाव आणि साधारण वय लिही. घाटघरच्या ज्या आजींनी तुम्हाला करवंदं दिली आणि रांजणाची गोष्ट त्यांच्या पद्धतीने सांगितली, ती गोष्ट तू "दंतकथा" म्हणून सोडून दिलीस. ती टाकायची नसते. सातवाहन काळाचा पुरावा म्हणून ती चालणार नाही, पण आज घाटाशी राहणारी माणसं त्याच्याकडे कशी बघतात याचा ती पुरावा आहेच. वेगळ्या पानावर जशीच्या तशी उतरव, त्यांच्याच शब्दांत.

शेवटी तू विचारलंयस की सायन्स सोडून आर्ट्सला जाऊ का, आणि आई काळजीत आहे. आईची काळजी खरी आहे, तिला वाद घालून गप्प करू नकोस. बारावी पूर्ण कर. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाच्या एम.ए.ला वेगवेगळ्या शाखांतून मुलं येतात, त्यामुळे आज सायन्स घेतलं म्हणून दार बंद होत नाही. उलट रसायन आणि भूगर्भशास्त्र येणारी माणसं तिथे हवीच असतात. दरम्यान मोडी शिकायला लाग. सुट्टीत वर्ग चालतात, आणि मोडी वाचता येणारा मुलगा किंवा मुलगी मराठ्यांच्या इतिहासात कधी बेकार बसत नाही, निदान कामाच्या बाबतीत. पगाराची हमी मी देत नाही.

आणि जुन्नर पुन्हा जमेल तेव्हा जमेल, पण या रविवारी सोपारा गावात जा. नाणेघाटाच्या लेखातल्या अंकचिन्हांवर ज्यांनी मोलाचं काम केलं, त्याच पंडित भगवानलाल इंद्रजींनी १८८२ मध्ये तिथला स्तूप उकरला. आत दगडी पेटी निघाली, तिच्यात एकात एक करंडक, कांस्याच्या आठ बुद्धमूर्ती आणि यज्ञ सातकर्णीचं चांदीचं नाणं होतं. म्हणजे घाटात ज्यांचे लेख पाहिलेस, त्याच घराण्यातल्या राजाचं नाणं तुझ्या गावात सापडलं. अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही त्याच वर्षी सोपाऱ्यात हाती लागला. स्तुपाच्या जागेला गावात बुरूड राजाचा कोट म्हणतात. स्टेशनवरून रिक्षावाल्याला तेच नाव सांग. जुन्या घरांतल्या कुणा म्हाताऱ्या माणसाला हा बुरूड राजा कोण म्हणून विचार आणि उत्तर लिहून आण. मग तुझा दुसरा खर्डा आणि ते पान दोन्ही एकदमच पाठव, लेखाला मी तोवर हात लावत नाही.

तुझ्या
बाई