नऊ सामने, तीन वर्षे आणि एक जन्मतारीख

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक आइस हॉकीवर, म्हणजे एनएचएल (नॅशनल हॉकी लीग) या लीगवर, गेल्या अंकात आलेल्या लेखानंतर पत्रांचा ओघ सुरू झाला, आणि त्यांतील बहुतेक पत्रे खेळापेक्षा तरुण खेळाडूंच्या करारांविषयी आहेत. त्यांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : आयपीएलमध्ये लिलाव होतो, तेव्हा तरुण खेळाडूची किंमत निदान बाजार तरी ठरवतो. एनएचएलमध्ये मात्र अठरा वर्षांच्या मुलाला एखादा क्लब परस्पर निवडतो आणि त्याचा पगारही आधीच ठरलेला असतो, असे आपल्या लेखात वाचले. अमेरिकेसारख्या देशात हे कायद्याला चालते कसे?
(एक वाचक, पुणे)

उत्तर : दरवर्षी जूनच्या अखेरीस होणाऱ्या ड्राफ्टमध्ये 32 क्लब सात फेऱ्यांत 224 खेळाडू निवडतात. निवडीने क्लबला मिळतो तो त्या खेळाडूशी करार करण्याचा एकाधिकार. करार नंतर होतो, आणि अनेकांच्या बाबतीत तो कधीच होत नाही. त्या वर्षीच्या 15 सप्टेंबरपर्यंत ज्याची अठरा वर्षे पूर्ण होतात तोच पात्र ठरतो, आणि ही तारीख किती काटेकोरपणे पाळली जाते हे ऑस्टन मॅथ्यूजच्या उदाहरणावरून कळते. त्याचा जन्म 17 सप्टेंबर 1997 चा. दोन दिवसांच्या फरकाने 2015 चा ड्राफ्ट हुकला, म्हणून मधले वर्ष ज्युनियर हॉकीत, म्हणजे साधारण सोळा ते वीस वर्षांच्या मुलांच्या लीगमध्ये, काढण्याऐवजी तो स्वित्झर्लंडमध्ये झुरिकच्या व्यावसायिक संघाकडून प्रौढांशी खेळला, आणि 2016 मध्ये टोरंटोने त्याला पहिल्या क्रमांकावर घेतले.

कायद्याचे म्हणाल, तर ही सारी व्यवस्था लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातील सामूहिक करारात लिहिलेली आहे, आणि कामगार संघटनेने वाटाघाटीत मान्य केलेल्या अटींना अमेरिकेच्या स्पर्धाविषयक कायद्यातून सूट मिळते. संघटनेने हे मान्य का केले, याचे उत्तर 1993 मध्ये सापडते. त्या वर्षी ओटावा क्लबने पहिल्या क्रमांकावर निवडलेल्या अलेक्झांडर डेगला एकही सामना खेळण्याआधी पाच वर्षांसाठी 1 कोटी 22 लाख 50 हजार डॉलरचा करार दिला. मालक हादरले, आणि दहा-दहा वर्षे खेळलेले खेळाडूही नाराज झाले. क्लबमालकांनी पुकारलेल्या 1994-95 च्या टाळेबंदीनंतर झालेल्या सामूहिक करारात नवोदितांच्या पगारावर कमाल मर्यादा आली, ती आजतागायत आहे. ज्यांच्या खिशाला कात्री लागणार होती ते तेव्हा शाळकरी वयात होते आणि संघटनेचे सभासद नव्हते, त्यामुळे त्यांच्या वतीने भांडायला कोणी उरले नाही, असे माझे मत आहे.

2024 आणि 2025 च्या ड्राफ्टमधील खेळाडूंसाठी ही मर्यादा वर्षाला 9 लाख 75 हजार डॉलर आहे. त्याखेरीज गोल, गोलसाठी केलेले साहाय्य, पुरस्कार यांवर अवलंबून असणारे बोनस वेगळे मिळू शकतात. कराराची मुदतही वयावरून ठरते : अठरा ते एकवीस वयात सही केली तर तीन वर्षे, बावीस-तेवीसला दोन, चोविसाव्या वर्षी एक. हा करार दुहेरी असतो, म्हणजे एनएचएलऐवजी तिच्या खालच्या एएचएल या लीगमध्ये खेळावे लागले तर त्या दिवसांचा पगार एनएचएलच्या दराच्या दहाव्या भागाहूनही कमी मिळतो. वर्तमानपत्रात छापून येणारा आकडा आणि मुलाच्या खात्यात जमा होणारी रक्कम यांत म्हणूनच बरेचदा मोठे अंतर असते.

प्रश्न : मी पहाटे उठून एनएचएलचे सामने पाहतो. ऑक्टोबरमध्ये एखादा नवा मुलगा उत्तम खेळत असतो, समालोचक त्याचे कौतुक करत असतात, आणि नऊ सामने होताच तो अचानक ज्युनियर लीगमध्ये परत जातो. प्रशिक्षकांना नवव्या सामन्यानंतर असे काय दिसते?
(एक महाविद्यालयीन विद्यार्थी, ठाणे)

उत्तर : प्रशिक्षकांना जे दिसायचे ते बहुधा पाचव्या सामन्यापर्यंत दिसलेले असते, नवव्यानंतर दिसते ते व्यवस्थापकाला. अठरा किंवा एकोणीस वर्षांच्या खेळाडूने करार केला आणि त्या मोसमात तो एनएचएलचे दहापेक्षा कमी सामने खेळला, तर त्याचा तीन वर्षांचा करार जागचा उचलून एक वर्ष पुढे सरकवला जातो, जणू ते वर्ष झालेच नाही (काही जन्मतारखांना अपवाद आहेत). अठराव्या वर्षी सही करणाऱ्याचा करार असा दोनदाही सरकू शकतो. दहावा सामना खेळला की मात्र पहिले वर्ष खर्ची पडते, आणि क्लबला स्वस्तात मिळणाऱ्या तीन वर्षांपैकी एक वर्ष मुलाच्या अपरिपक्व काळात संपून जाते. खेळाडूंच्या एकूण पगारावर कमाल मर्यादा असलेल्या लीगमध्ये (2025-26 साठी ती प्रत्येक क्लबला 9 कोटी 55 लाख डॉलर आहे) ऐन भरातला खेळाडू दहा लाखांच्या आत मिळणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

पण आपल्या प्रश्नातला मुलगा एएचएलमध्ये न जाता थेट ज्युनियरमध्ये का जातो, याचे कारण दुसऱ्या नियमात आहे. ओंटारियो, पश्चिम कॅनडा आणि क्विबेक येथील तीन मोठ्या ज्युनियर लीग मिळून कॅनेडियन हॉकी लीग होते. तिच्यातून ड्राफ्ट झालेला मुलगा वीस वर्षांचा होईपर्यंत एक तर एनएचएलमध्ये खेळेल किंवा आपल्या ज्युनियर संघात परत जाईल, मधली पायरी त्याला बंद, असा करार एनएचएल आणि ज्युनियर लीग यांच्यात आहे. ज्युनियर संघ तिकिटांच्या विक्रीवर जगतात, आणि आपले सर्वांत चांगले अठरा-एकोणीस वर्षांचे खेळाडू गेले तर त्यांच्याकडे पाहण्यासारखे काय उरेल, ही त्यांची चिंता रास्त आहे. मुलाच्या दृष्टीने मात्र हा नियम अनेकदा अडचणीचा ठरतो, कारण ज्युनियरमध्ये त्याला शिकण्यासारखे काही उरलेले नसते आणि एनएचएलचा भार पेलण्याएवढे त्याचे शरीर तयार झालेले नसते.

2014 च्या ड्राफ्टमधील दोन मुले शेजारी ठेवून पाहा. जर्मनीचा लिओन ड्रायसाइटल पश्चिम कॅनडाच्या ज्युनियर लीगमध्ये खेळत होता. त्याला एडमंटनने तिसऱ्या क्रमांकावर घेतले. चेक प्रजासत्ताकाचा डेव्हिड पास्टर्नाक स्वीडनमध्ये खेळत होता. त्याला बॉस्टनने पंचविसाव्या क्रमांकावर घेतले. दोघेही अठरा वर्षांचे आणि दोघेही युरोपीय. पण पास्टर्नाक युरोपातून आल्यामुळे बॉस्टनने त्याला हवे तेव्हा प्रॉव्हिडन्सच्या एएचएल संघात पाठवले आणि हवे तेव्हा बोलावले, आणि त्या मोसमात तो दोन्ही स्तरांवर खेळला. ड्रायसाइटलला ही सोय नव्हती. एडमंटनने नवव्या सामन्यानंतर त्याला सोडले नाही, 37 सामने खेळवले, त्यांत त्याचे दोनच गोल झाले, आणि मग जानेवारीत त्याला ज्युनियरमध्ये परत पाठवले. कराराचे वर्ष गेले आणि मुलगाही घडला नाही, अशी टीका त्या वेळी झाली, आणि ती मला योग्य वाटते. गंमत अशी की वर्ष जळाल्यामुळे त्याचा पहिला करार 2017 मध्येच संपला, आणि त्या उन्हाळ्यात क्लबला त्याच्याशी आठ वर्षांसाठी 6 कोटी 80 लाख डॉलरचा करार करावा लागला. तेव्हा अनेकांना तो महाग वाटला. 2020 मध्ये तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि तोच करार साऱ्या लीगमधील सर्वांत फायदेशीर करारांत गणला जाऊ लागला. याला एडमंटनची दूरदृष्टी म्हणणे धाडसाचे होईल.

घाई न करण्याचे उदाहरण डेट्रॉइटचे देतात. तेथे खेळाडू पिकण्याच्याही थोडे पुढे जाईपर्यंत खालच्या स्तरावर ठेवण्याची पद्धत होती. पावेल दात्सुक 1998 मध्ये 171 व्या, तर हेन्रिक झेटरबर्ग 1999 मध्ये 210 व्या क्रमांकावर निवडला गेला. पहिला तेवीस वर्षांचा होऊन रशियातून आला, दुसरा बावीस वर्षांचा होऊन स्वीडनमधून, आणि दोघांनी पुढे दशकभर तो संघ वाहिला. मात्र या गोष्टीचा अर्थ जपून लावावा. ते दोघे युरोपात होते, त्यामुळे त्यांना पिकू देण्याचा डेट्रॉइटला काही खर्च नव्हता. तिसऱ्या क्रमांकावर निवडलेल्या मुलाबाबत चाहते आणि मालक तेवढा धीर धरत नाहीत.

नियम आता थोडा सैल होत आहे. जुलै 2025 मध्ये मंजूर झालेला आणि सप्टेंबर 2026 पासूनचा नवा सामूहिक करार प्रत्येक क्लबला एका एकोणीस वर्षांच्या ज्युनियर खेळाडूला एएचएलमध्ये पाठवण्याची वाट मोकळी करतो. हे दहा वर्षांपूर्वीच व्हायला हवे होते.

प्रश्न : पहिला करार संपल्यावर खेळाडू स्वतंत्र होतो का?
(एक वाचक, नागपूर)

उत्तर : नाही. क्लबने ठरलेल्या मुदतीत नियमाने ठरवलेल्या किमान रकमेचा प्रस्ताव दिला की खेळाडूवरचा हक्क क्लबकडेच राहतो. पूर्ण मोकळीक साधारणपणे सत्ताविसाव्या वर्षी किंवा लीगमध्ये सात मोसम भरल्यावर मिळते. तोपर्यंत खेळाडूच्या हाती अडून बसणे हे एक शस्त्र असते, पण 1 डिसेंबरपर्यंत सही केली नाही तर त्या मोसमात एनएचएलमध्ये खेळता येत नाही. टोरंटोच्या विल्यम निलँडरने 2018 मध्ये त्या तारखेच्या अगदी अखेरच्या क्षणी सही केली होती.

दुसरे शस्त्र दुसऱ्या क्लबच्या हाती असते. तो क्लब अशा खेळाडूला प्रस्ताव देऊ शकतो. मूळ क्लबने सात दिवसांत तेवढीच रक्कम मान्य केली तर खेळाडू राहतो, नाही तर रकमेच्या प्रमाणात ड्राफ्टमधील निवडी भरपाई म्हणून घेऊन त्याला सोडावे लागते. क्लब एकमेकांचा रोष ओढवून घ्यायला कचरतात म्हणून हे क्वचितच घडते. ऑगस्ट 2024 मध्ये मात्र सेंट लुइसने एडमंटनच्या एक नव्हे, दोन खेळाडूंना एकाच वेळी प्रस्ताव दिले : बचावपटू फिलिप ब्रोबर्गला वर्षाला सुमारे 45 लाख 80 हजार आणि आघाडीपटू डिलन हॉलोवेला सुमारे 22 लाख 90 हजार डॉलर. एडमंटन नुकताच अंतिम मालिकेचा सातवा सामना हरला होता आणि त्याच्या पगारमर्यादेत जागा नव्हती. पहिल्या फेरीत निवडलेले, पाच-चार वर्षे जोपासलेले दोन खेळाडू एक दुसऱ्या फेरीची आणि एक तिसऱ्या फेरीची निवड यांवर गेले. हॉलोवेने पुढच्याच मोसमात 26 गोल केले.

प्रश्न : आम्ही मूळचे कोल्हापूरचे, गेली चौदा वर्षे ब्रॅम्प्टनला आहोत. आमचा मुलगा पंधरा वर्षांचा आहे आणि पुढच्या वसंतात ओंटारियो हॉकी लीगच्या निवडीला पात्र होईल. ज्युनियर लीगमध्ये पाठवले तर शिक्षण सुटेल अशी त्याच्या बाबांना भीती वाटते. विद्यापीठाची वाट धरली तर मागे पडू, असे मुलगा म्हणतो. एका एजंटाने सही करण्यासाठी घाईही चालवली आहे. आम्ही काय करावे?
(एक आई, ब्रॅम्प्टन, कॅनडा)

उत्तर : ताई, आपण हा प्रश्न दोन वर्षांपूर्वी विचारला असता तर उत्तर फार कठोर असते, कारण तेव्हा कॅनेडियन हॉकी लीगमध्ये खेळलेल्या मुलाला अमेरिकन विद्यापीठांच्या स्पर्धेचे, म्हणजे एनसीएएचे, दार बंद होत असे. ज्युनियर खेळाडूंना मिळणारा लहानसा मासिक भत्ता आणि त्यांच्यात मिसळलेले एनएचएल करारधारक खेळाडू यांमुळे ती लीग व्यावसायिक मानली जात होती. नोव्हेंबर 2024 मध्ये एनसीएएने हा नियम बदलला आणि 1 ऑगस्ट 2025 पासून तो लागू झाला. त्याच उन्हाळ्यात युकॉनचा गॅव्हिन मॅकेन्ना हा त्या वयातील सर्वांत नावाजलेला खेळाडू मेडिसिन हॅटचा ज्युनियर संघ सोडून पेन स्टेट विद्यापीठात गेला. तेव्हा ‘हे की ते’ असा निर्णय पंधराव्या वर्षी करण्याची गरज आता उरलेली नाही. सोळा ते अठरा ज्युनियरमध्ये आणि नंतर विद्यापीठ, हा क्रम शक्य आहे. एनएचएलशी करार केला की मात्र विद्यापीठाची वाट बंद होते, हे लक्षात असू द्यावे.

ज्युनियरमध्ये मोसमाला 68 सामने असतात, बसचे लांब प्रवास असतात आणि मुलाला बहुधा दुसऱ्या गावी यजमान कुटुंबात राहावे लागते. विद्यापीठात सामने त्याच्या निम्म्याच्या आसपास, बहुतेक शुक्रवारी-शनिवारी, त्यामुळे शरीर कमावायला आणि अभ्यासाला आठवडा मोकळा मिळतो. पण समोर बावीस-तेवीस वर्षांचे गडी असतात. अंगाने उशिरा वाढणाऱ्या मुलाला विद्यापीठ मानवते, असे माझे निरीक्षण आहे. शिक्षणाविषयी त्याच्या बाबांची भीती खोटी नाही, पण ज्युनियर लीग खेळलेल्या प्रत्येक मोसमामागे उच्च शिक्षणाच्या एका वर्षाचा खर्च देते. ही शिष्यवृत्ती कधी सुरू करावी लागते, व्यावसायिक करार केल्यास तिचे काय होते, मुलाला संघाने दुसरीकडे दिले तर जबाबदारी कोणाची, हे सही करण्याआधी लेखी घ्यावे.

पुढे ड्राफ्ट झालाच, तर या दोन वाटांवरची घड्याळे वेगळी चालत आली आहेत. ज्युनियरमधील खेळाडूशी क्लबला दोन वर्षांत करार करावा लागे. विद्यापीठातील खेळाडूवरचा हक्क पदवीपर्यंत टिकत असे, आणि नंतर तो मोकळा होई. हार्वर्डच्या जिमी व्हेसीला नॅशव्हिलने 2012 मध्ये निवडले होते. त्याने चार वर्षे सही केली नाही आणि ऑगस्ट 2016 मध्ये मोकळा होऊन तो न्यूयॉर्क रेंजर्सकडे गेला. नव्या सामूहिक करारात या मुदती बदलत आहेत, म्हणून आपल्या मुलाच्या ड्राफ्टच्या वर्षी लागू असलेला मजकूरच पाहावा.

एजंटाला थांबवावे. पंधरा वर्षांच्या मुलासाठी त्याने आज मिळवून देण्यासारखे काही नाही. खेळाडू संघटनेच्या प्रमाणित एजंटांच्या यादीत त्याचे नाव आहे का, त्याची सध्याची मुले कोणत्या संघांत किती मिनिटे खेळतात, आणि त्यांच्यापैकी दोघांच्या आईवडिलांशी बोलता येईल का, एवढे विचारावे. त्यातले शेवटचे विचारल्यावर पुष्कळांची घाई ओसरते. ज्युनियर संघाच्या व्यवस्थापकालाही हाच मिनिटांचा प्रश्न विचारावा. मोठ्या नावाच्या संघात चौथ्या फळीत सात मिनिटे खेळण्यापेक्षा लहान संघात सोळा मिनिटे खेळणारा मुलगा लवकर शिकतो.

आणि निवड झाली नाही तर? कॅनडातल्या सरे येथे वाढलेल्या पंजाबी कुटुंबातल्या अर्शदीप बैन्सला एनएचएलच्या कोणत्याही ड्राफ्टमध्ये कोणी घेतले नव्हते. तो रेड डिअरच्या ज्युनियर संघात राहिला, 2021-22 मध्ये 112 गुणांसह (गोल आणि साहाय्य मिळून) पश्चिमेच्या लीगमध्ये पहिला आला, तेव्हा व्हँकुव्हरने त्याला करार दिला. एनएचएलचा पहिला सामना त्याने फेब्रुवारी 2024 मध्ये खेळला, आणि पुढच्या वर्षी व्हँकुव्हरच्या हाताखालच्या ॲबट्सफर्डच्या संघाने एएचएलचा काल्डर करंडक जिंकला तेव्हा तो त्या संघात होता.