मूल अचानक शहाणे झाले तर

लहान मुलाचे ऑपरेशन ठरले की आईवडील समुपदेशक म्हणून माझ्याकडे बहुधा एकच प्रश्न घेऊन येतात: त्याला आधी सांगायचे की नाही? सांगितले तर घाबरेल आणि न सांगता नेले तर तिथे आकांत करेल, अशी दोन्हीकडून कोंडी झालेली असते. हर्निया असो, टॉन्सिल असो की हृदयातले छिद्र असो, हा प्रश्न काही सुटत नाही. माझे उत्तर ठरलेले आहे: सांगायचे, खरे सांगायचे, आणि ते आईने किंवा वडिलांनीच सांगायचे. मात्र मुलाने आपल्या परीने काय समजून घेतले आहे, ते त्याआधी जाणून घ्यावे लागते.

मोठ्या शिशुवर्गातल्या एका मुलाचे टॉन्सिल आणि ॲडेनॉइड (नाकाच्या मागची, घशाच्या वरच्या भागातली गाठ) काढायचे ठरले होते. रात्री तो घोरत असे आणि झोपेत त्याचा श्वास अडकत असे. घरच्यांनी त्याला काहीच सांगितले नव्हते. ऑपरेशनच्या दिवशी ‘फिरायला जाऊ’ म्हणून न्यायचा बेत होता. आई मात्र बरीच निश्चिंत दिसली. “हल्ली तो फार शहाणा झालाय, मॅडम. न सांगता खेळणी आवरतो, दुधीची भाजीसुद्धा मुकाट्याने खातो. त्याला काही कळलंच नाहीये, ते बरंच झालं.”

मला ते बरे वाटले नाही. पाच वर्षांच्या मुलाने आठवडाभर एकही हट्ट केला नसेल, तर त्याचे कौतुक करण्याआधी मी कारण शोधते.

खेळण्यातला डॉक्टरांचा संच आणि कापडी हत्ती मी त्याच्यापुढे ठेवले. त्याने हत्तीला एकामागून एक इंजेक्शने दिली.

“याला काय झालंय रे?” मी विचारले.

“त्याने चोरून कुल्फी खाल्ली. आता त्याचा गळा कापणार.”

“आणि त्याने कुल्फी सोडली तर?”

“मग घरी पाठवणार.” थोडे थांबून तो म्हणाला, “मी आता खातच नाही.”

आई थक्क झाली. आजीने केव्हातरी रागाच्या भरात काढलेले उद्गार आणि दाराआडून ऐकलेले मोठ्यांचे बोलणे यांची सांगड घालून त्याने आपला निकाल लावून घेतला होता, आणि शिक्षा टळावी म्हणून तो चांगला वागत होता. दोन ते सात या वयातले मूल घडणाऱ्या गोष्टींचे कारण स्वतःत शोधते, हे स्विस मानसशास्त्रज्ञ पियाजे यांच्या अभ्यासानंतर मानसशास्त्रात सर्वपरिचित आहे. पण घरात त्याचा विसर पडतो. इतक्या वर्षांत मी एवढे निश्चित शिकले आहे की या वयाच्या मुलाला दुखण्याइतकेच, कधी त्याहून जास्त भय आपण नकोसे झालो आहोत याचे असते.

पुढचे बोलणे मी आईवर सोपवले. घरून नीट ठरवून येऊन तिने त्याला मांडीवर घेतले आणि सांगितले, “तुझं काही चुकलं नाही. तुझ्या घशात दोन गाठी मोठ्या झाल्यात, म्हणून झोपेत श्वास अडतो. त्या कुल्फीमुळे वाढलेल्या नाहीत. डॉक्टर तुला औषधाने झोपवतील आणि तोंडातूनच त्या काढतील, बाहेरून गळा कापणार नाहीत. उठल्यावर घसा दुखेल, तेव्हा औषध देतील.” त्याने एकच प्रश्न विचारला, “तू कुठे असशील?” दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला: त्याने दुधीच्या भाजीची ताटली ढकलून दिली होती. मी मनापासून हसले.

आईपासूनच्या ताटातुटीचा मुलांवर काय परिणाम होतो याचा ब्रिटनमध्ये अभ्यास करणारे बोल्बी आणि रॉबर्टसन यांच्या विचारांवर माझी मदार आहे. त्या काळी ब्रिटनमधल्या रुग्णालयांत आईवडिलांना मुलाला ठरावीक वेळीच भेटता येई. रॉबर्टसन यांनी रुग्णालयात अशी एकटी राहिलेल्या एका मुलीवरचा चित्रपट १९५२ साली दाखवला, आणि १९५९ मध्ये तिथल्या सरकारने नेमलेल्या प्लॅट समितीने आईला मुलाजवळ राहू देण्याची शिफारस केली. आपल्याकडे आई सहसा जवळ असतेच, उलट खाटेभोवती नातेवाइकांची गर्दी होते आणि प्रत्येक जण काही वेगळेच सांगतो. म्हणून मुलाशी काय बोलायचे ते आजीआजोबांसह सर्वांनी आधी ठरवावे. भूल देईपर्यंत आणि शुद्धीवर येताना पालकांपैकी एकाला जवळ थांबता येईल का, हेही रुग्णालयात आधीच विचारून घ्यावे; मुलाला दिलेला शब्द त्याच उत्तरावर बेतलेला असावा.

तीन-चार वर्षांच्या मुलाला एक-दोन दिवस आधी सांगितले तरी पुरते, शाळकरी मुलाला आठवडाभर आधी सांगावे. ‘मुळीच दुखणार नाही’ असे म्हणू नये आणि त्याची नजर चुकवून निघून जाऊ नये, कारण एकदा असे झाले की ते मूल झोपेतही आईचा पदर सोडत नाही. सुई टोचण्याआधी साधारण तासभर लावायचे बधिर करणारे मलम मिळते, त्याबद्दल विचारावे. भुलेआधी घन आहार निदान सहा तास आणि पाणी साधारण दोन तास बंद असते. नेमकी वेळ भूलतज्ज्ञ सांगतात. कीव येऊन गुपचूप बिस्किट देणारे मायाळू हात मी पाहिले आहेत, पण भुलेत उलटी होऊन अन्न फुप्फुसात गेले तर जिवावर बेतू शकते.

शुद्धीवर येताना काही मुले आईलाही न ओळखता रडतात, हातपाय झाडतात. ते बहुधा थोड्या वेळात शमते. घरी आल्यावर अंथरूण ओले करणे, रात्री दचकणे, सतत बिलगणे हे काही आठवडे चालू शकते, त्यासाठी रागावू नये. हे ओसरण्याऐवजी वाढत गेले, किंवा मूल खेळायचेच थांबले, तर मात्र समुपदेशकाकडे यावे. टॉन्सिलनंतर तोंडातून ताजे रक्त आले, तर थोडे असले तरी, पहिल्या आठवड्यानंतरसुद्धा, वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे.